व्हर्च्युअल मशीनलाही विंडोजचं वेगळं लायसन्स लागतं!



"सर, कॉम्प्युटर एकच आहे, मग विंडोज दोनदा कशाला विकत घ्यायचं?" हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, आणि बहुतेक वेळा जुन्या दुकानदारांकडून येतो. दुकानात दहा-पंधरा वर्षं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर, बनवून देणारा आता फोन उचलत नाही, आणि उधारीची सगळी खाती त्यातच. नवीन कॉम्प्युटर घेतला, विंडोज ११ वाला. जुनं सॉफ्टवेअर त्यावर उघडेचना. मग कोणीतरी सांगतं, "व्हर्च्युअल मशीन टाक." म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्यात जुनं विंडोज टाकायचं आणि बिलिंग चालवायचं.

आयडिया चांगली आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या करारात सरळ लिहिलंय की एक लायसन्स म्हणजे एकच इन्स्टॉलेशन, मशीन खरं असो की व्हर्च्युअल. बाहेरच्या विंडोजला एक, आतल्या विंडोजला दुसरं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं म्हणून आतलं विंडोजही फुकट होत नाही. (आणि व्हर्च्युअलबॉक्सचं मुख्य पॅकेज फुकट असलं तरी त्याचं एक्स्टेन्शन पॅक धंद्यात वापरायला फुकट नाही. हे फार कमी लोक वाचतात.)

"पण जुन्या मशीनची की आहे ना आमच्याकडे!" थांबा. ती की कुठली, ते आधी बघा. तयार कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज बहुतेक वेळा ओईएम असतं, म्हणजे त्या मशीनला बांधलेलं. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर जुन्या मशीनवरून काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये नेता येतं. म्हणून जुनं बिल शोधा.

आता पाचशे रुपयांच्या कीबद्दल. की टाकली आणि विंडोज ऍक्टिव्हेट झालं, म्हणजे लायसन्स मिळालं असं नसतं. कुठून आली ते विकणारा सांगत नाही, बिल देत नाही, आणि उद्या ती बंद पडली तर तुम्ही कोणाकडे जाणार? क्रॅकचं तर बोलूच नका. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३बी वाचा: चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कमाईसाठी किंवा धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. दुकानाच्या काउंटरवर ती सूट नाही.

माझं मत विचाराल तर आधी खर्चच करू नका. जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका! त्याचं लायसन्स त्याच्यासोबत आहेच. इंटरनेटची वायर काढा (विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपलाय, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये), कोपऱ्यात ठेवा आणि दोन महिन्यांत खाती एक्सेलमध्ये किंवा निदान प्रिंट काढून बाहेर आणा. सॉफ्टवेअर काळ्या स्क्रीनवालं, डॉसचं असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीडॉस टाकून बघा. ते खरोखरच फुकट आहे, विंडोज लागतच नाही. प्रिंटर नीट चालतो का, तेवढं तपासून घ्या.

आणि रोज वापरायचंच असेल, तर सरळ एक रिटेल लायसन्स जास्तीचं घ्या, ओळखीच्या विक्रेत्याकडून. बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर करा. कंपोझिशनमध्ये नसाल तर त्यावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. की आणि बिल दोन्हीची झेरॉक्स शॉप ऍक्टच्या फाइलमध्येच लावा, म्हणजे पुढचा कॉम्प्युटर घेताना शोधाशोध नको.