आधी फुंकर मोजा, मग दमा म्हणा

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सकाळी उठल्यापासून शिंका, थंडीत पहाटे खोकला. तीन वर्षे ‘सर्दीचा कोठा आहे’ एवढेच ऐकत आम्ही सिरपच्या बाटल्या संपवल्या. मग एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत ‘बाळदमा’ सांगून पंप लिहून दिला. तिच्या छातीतली हवा मात्र तेव्हाही कोणी मोजली नाही. सासूबाई म्हणाल्या, पंपाची सवय लागते, उद्या लग्नात अडचण येईल. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. पंप बंद झाला.

ॲलर्जीच्या मुलांच्या श्वासनलिका अनेकदा हळव्या असतात; धुराने, गार वाऱ्याने आकसतात. पण हळवी नलिका म्हणजे दमा नव्हे. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीच्या, कधीच धाप न लागलेल्या काही मुलांच्या नलिकाही मेथाकोलिन हुंगायला देऊन केलेल्या चाचणीत आकसतात. उलट दमेकरी मुलाची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकर मारून केलेली मोजणी, बऱ्या दिवसांत अगदी चांगली येऊ शकते. म्हणून फुंकर मोजायची, पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून अधिक वाढली आणि लक्षणेही जुळली, तर दम्याला भक्कम आधार मिळतो. पाच-सहा वर्षांपुढची बहुतेक मुले हे करू शकतात. धाप लागलेल्या मुलाला मात्र चाचणीसाठी ताटकळत ठेवू नये, आधी औषध द्यावे.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचे तूस घरात येते. विड्या वळणाऱ्या आईच्या सुपाशेजारी बसून मुले अभ्यास करतात. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे. शहरातली धूळ यंत्राने मोजली जाते. पोरांचा श्वास का मोजू नये? फुंकरीचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर ही काही शे रुपयांची प्लास्टिकची नळी आहे, वीजही लागत नाही. महापालिकेने प्रत्येक आरोग्य केंद्रात ते ठेवावे, पालकांना दोन आठवडे घरी द्यावे, सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि शंका असेल त्या मुलाला स्पायरोमेट्रीसाठी सिव्हिल रुग्णालयात पाठवावे.

माझ्या मुलीची तपासणी अखेर झाली. दमाच निघाला. पंपाआधीचा आणि नंतरचा आकडा सासूबाईंनी स्वतः पाहिला, आणि आता रोज सकाळी पंपाची आठवण त्याच करतात. येत्या थंडीआधी ही सोय आमच्या भागात व्हावी, ही विनंती.

— एक आई, पूर्व भाग, सोलापूर