जरा उठाव दिलाय

रविवारी सकाळी वाईच्या घाटावर या. कृष्णेच्या पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाल्यांची रांग लागलेली असते. नवरीचा भडक घागरा, नवरदेवाला गॉगल, मागे रंगीत धूर. फोटो हातात आला की पाहायचं काय, तेच कळत नाही. आकाश, पाणी, घागरा, धूर, सगळे एकाच पट्टीत बोंबलतायत.

कॉन्ट्रास्ट म्हणजे फोनवरची पट्टी उजवीकडे ढकलणे, असा या मंडळींचा ठाम समज. अहो, कोणाला गप्प बसवायचं ते आधी ठरवा! काशीविश्वेश्वरापुढचा तो काळा, गुळगुळीत नंदी घ्या. कॅमेऱ्याचं मीटर अडाणी असतं. समोरचं सगळं मध्यम करडं, साधारण १८ टक्के उजेड परतवणारं, असंच ते धरून चालतं. काळा दगड दिसला की उजेड कमी पडला म्हणून फोटो उजळवतं, आणि नंदीची राखुंडी होते. एखादा स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्म्यावर आणा. वशिंडावरून घसरलेली उन्हाची एक रेघ आणि बाकी अंधार, एवढ्यात अख्खा नंदी उभा राहतो. फोनला ते बघवत नाही. तो चार फोटो एकात कालवून सावल्या उपसतो.

पसरणी घाटातून दिसणारे डोंगरही यांच्या तावडीतून सुटत नाहीत. जवळचा गडद, त्यामागचा फिका, पांडवगड तर धुरासारखा. त्या फिकेपणातच अंतर असतं. ही मंडळी धुकं पुसणारी 'डिहेज'ची पट्टी ओढून गड नाकावर आणून बसवतात. कॉन्ट्रास्टला रंगही लागत नाहीत. प्रभातच्या 'अमृतमंथन'मधले नट चंद्रमोहनचे डोळे आठवा. १९३४ सालचा, बिनरंगाचा चित्रपट. काही अडलं का?

दगड-डोंगरांचं एक वेळ सोडून देईन, पण आजीचं नाही. ती गेल्यावर तिचा जुना फोटो एका स्टुडिओत मोठा करायला दिला. आजी काळी होती, चांगली ठसठशीत काळी. म्हणून तर तिच्या नथीचे मोती लुकलुकायचे. स्टुडिओवाल्यानं न विचारता तिला गोरी केली. मोती गालात विरघळले, पिकले केस मागच्या पांढऱ्या पडद्यात गेले, कपाळावर कुंकू तेवढं अधांतरी राहिलं.

"ही कोण?" मी विचारलं.

"जरा उठाव दिलाय, काका. चेहरा उजळला की नाही?"

पैसे देऊन आलो. ती गोरी बाई कपाटामागे आहे. भिंतीवर जुनाच फोटो, पोस्टकार्डाएवढा. नथ दारातून दिसते.