विश्लेषण : मुलुंडचा ‘जकात नाका’ आणि इस्लाममधली जकात... शब्द एकच, मग अर्थ इतके वेगळे कसे?

मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर ठाण्याच्या हद्दीपाशी असलेला नाका आजही अनेकांच्या तोंडी ‘जकात नाका’च आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबई महापालिकेची जकात इतिहासजमा झाली. मुलुंड, दहिसरला जकातीसाठी थांबणाऱ्या ट्रकच्या रांगा गेल्या, शब्द मात्र राहिला. रमजान आला की हाच शब्द जोगेश्वरी, कुर्ला, मालवणीतल्या घरांत वेगळ्या अर्थाने ऐकू येतो. तिथे कुणी वही, तर कुणी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून वर्षभराच्या बचतीचा हिशेब मांडत असतो. आपल्याकडे इस्लामची ओळख बहुतेक वेळा लढायांपासून नाहीतर ईदच्या बिर्याणीपासून सुरू होते. ती या हिशेबापासून सुरू केली, तर बरेच काही लवकर कळते.

जकात म्हणजे दान का?

नाही. इस्लामचे पाच आधारस्तंभ मानले जातात. ईश्वर एकच असून मोहम्मद त्याचे प्रेषित आहेत ही साक्ष, रोजची पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. मक्केत इसवी सन ५७०च्या सुमारास जन्मलेल्या प्रेषित मोहम्मद यांना ६१०पासून ईश्वरी संदेश मिळू लागले, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. त्या संदेशांचा संग्रह म्हणजे कुराण. ६२२मध्ये ते मदिनेला गेले, तिथून हिजरी सन सुरू होतो. मदिनेत श्रद्धेला समाजव्यवस्थेची जोड मिळाली आणि जकात बंधनकारक झाली.

दान किती द्यायचे आणि द्यायचे की नाही, हे देणारा ठरवतो. जकातीत दर, पात्रता, मुदत सगळे ठरलेले असते. या अरबी शब्दाच्या मुळाशी ‘शुद्ध होणे’ आणि ‘वाढणे’ असे दोन्ही अर्थ आहेत. संपत्तीत गरिबाचा हक्काचा वाटा असतो, तो काढला की उरलेली संपत्ती शुद्ध होते, असा विचार. त्यामुळे देणाऱ्याने उपकाराचा आव आणणे यात बसतच नाही.

हिशेब कसा होतो?

साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, ही भारतात रूढ असलेली किमान मर्यादा. तिला ‘निसाब’ म्हणतात. देणी वजा जाता तेवढ्या किमतीची संपत्ती असेल आणि चांद्र वर्ष, म्हणजे साधारण ३५४ दिवस, पूर्ण झाले असेल, तर चाळिसावा भाग द्यायचा. एक लाखावर अडीच हजार रुपये. राहते घर, वापरातली गाडी, कामाची अवजारे यात धरत नाहीत. रिक्षावाल्याची रिक्षा सुटते, पण दुकानात विकायला ठेवलेला माल मोजला जातो.

दागिन्यांचे काय, यावर मुंबईतच दोन उत्तरे मिळतात. उत्तर भारतातून आलेली बहुसंख्य सुन्नी कुटुंबे हनफी परंपरेची, ती अंगावरचे सोनेही मोजतात. कोकणी मुस्लिम शाफई परंपरेचे. समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांशी असलेल्या जुन्या नात्याची ती खूण. या परंपरेत नेहमीच्या वापरातले दागिने सहसा सोडले जातात. म्हणजे अंधेरीत एकाच मजल्यावरच्या दोन घरांत सारख्याच मंगळसूत्राएवढ्या सोन्याचा हिशेब वेगळा होऊ शकतो. ‘मुसलमान’ हा एकच एक गठ्ठा आहे, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

खरी अडचण निसाबची आहे. सुरुवातीच्या काळात २० दिनार सोने आणि २०० दिरहम चांदी यांचे मोल जवळपास सारखे होते. वजनात पाहिले तर सोने चांदीच्या सातपट महाग. आज हे गुणोत्तर त्याच्या कितीतरी पुढे गेले आहे. त्यामुळे चांदीची मर्यादा सोन्याच्या तुलनेत खूपच खाली राहते. जास्त लोकांनी द्यावे आणि गरिबांना जास्त मिळावे, म्हणून भारतातले अनेक उलेमा चांदीच धरतात. हेतू चांगला, पण हनफी नियमानुसार गरजांपलीकडे निसाबएवढी संपत्ती असलेल्याला जकात घेता येत नाही. खोलीच्या डिपॉझिटसाठी पै-पै साठवणारी विधवा या हिशेबात ‘श्रीमंत’ ठरू शकते. मुंबईतली घरभाडी पाहता हा निकष पुन्हा तपासायला हवा. काही आधुनिक विद्वान सोन्याची मर्यादा धरा, असे म्हणतातच.

मग नाक्याला हे नाव कसे पडले?

प्रेषितांच्या निधनानंतर, ६३२मध्ये काही अरब टोळ्यांनी जकात द्यायला नकार दिला. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. उपासना आणि राज्याचा महसूल यांची गाठ तेव्हाच पडली. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात व्यापारी मालावर वाटेत वसुली होऊ लागली. मुस्लिम व्यापाऱ्याकडून घेतला जाणारा अडीच टक्के भाग जकात म्हणूनच धरला जाई. पुढे भारतात सुलतानी आणि मुघल कारभारात हा शब्द व्यापारी करासाठी रुळला. दख्खनमध्ये फारसी कारभारासोबत तो मराठीत आला आणि मराठेशाहीतही टिकला. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी लोकांच्या तोंडून जकात गेली नाही. गरिबाचा वाटा म्हणून निघालेला शब्द ट्रकचालकाने मोजायच्या रकमेवर येऊन थांबला.

पैसा जातो कुठे?

कुराणात आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब, कर्जबाजारी, वाटेत अडकलेला प्रवासी येतात आणि वसुली करणारे कर्मचारीही. आई-वडील, मुलांना जकात चालत नाही. बहुतेक शास्त्रकारांच्या मते ती मशिदीच्या बांधकामालाही चालत नाही आणि मुस्लिम गरजूंनाच दिली जाते. ऐच्छिक दान म्हणजे ‘सदका’ मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो.

पाकिस्तानने १९८०मध्ये कायदा करून रमजानच्या पहिल्या दिवशी बँक खात्यांतून अडीच टक्के कापायला सुरुवात केली. शिया समाजाने मोठे आंदोलन करून सूट मिळवली. इतर अनेक जण रमजानच्या तोंडावर खात्यातले पैसे काढून घेऊ लागले. सक्तीने श्रद्धा वसूल करायला गेले की असेच होते.

भारतात वसुलीची जबाबदारी कुणावरच नाही. रमजानमध्ये उत्तर प्रदेश, बिहारमधल्या मदरशांचे प्रतिनिधी पावती पुस्तके घेऊन उपनगरांत फिरतात, कुणी गावी नातेवाइकांना पाठवतो, कुणी दारात आलेल्याच्या हातावर पन्नास-शंभर ठेवतो. एका घराची रक्कम अशी वीस ठिकाणी पांगते आणि घेणाऱ्याला पुढच्या वर्षीही हात पसरावाच लागतो. त्यापेक्षा मोहल्ल्याने एकत्र येऊन एखाद्याचे कर्ज पुरते फेडले किंवा शिलाई मशीन घेऊन दिले, तर त्यातले काही जण पुढच्या रमजानमध्ये घेणाऱ्यांच्या रांगेत नसतील.