दंतभय आणि आपली लवंगतेलाची बाटली

दंतशूलाने त्रस्त रुग्ण दंतवैद्याकडे न जाता आपल्याकडे येतो, याचा आपणा वैद्यबंधूंना काहीसा अभिमान वाटतो. परंतु त्यांतील काही जण आयुर्वेदावरील श्रद्धेपोटी नव्हे, तर दंतवैद्याच्या खुर्चीच्या भयाने आलेले असतात, हे आम्हांस येथे स्पष्टपणे मांडावयाचे आहे. लवंगतेलाच्या बोळ्याने वेदना शमते. कृमिदंत मात्र वाढतच राहतो. स्वीडनमधील उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये हे दुष्टचक्र वर्णिले: भय, टाळाटाळ, व्याधिवृद्धी, अखेर निरुपायाने करावे लागणारे क्लेशदायक उपचार आणि त्यातून अधिकच भय. येथे टाळाटाळ हेच निदान होय. निदानपरिवर्जन सांगणाऱ्या आपणच ते पोसावे, हे शास्त्रास धरून नाही.

ज्यांनी मारहाण, लैंगिक अत्याचार वा छळ सोसला, त्यांचे भय निराळे. उताणे पडणे, अनोळखी चेहरा जवळ येणे, तोंडात परक्याचा हात, बोलता न येणे, यांपैकी काहीही पूर्वीचा प्रसंग जागा करू शकते. अशा रुग्णास 'त्यात भिण्यासारखे काय आहे?' असे म्हणणे हा सत्त्वावजय नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ११) सत्त्वावजय हा दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीचा चिकित्साप्रकार आहे; जाता जाता करावयाचा उपदेश नव्हे. आधुनिक मानसोपचारात भयास क्रमाक्रमाने सामोरे नेतात: प्रथम केवळ खुर्चीत बसणे, पुढे हाती आरसा घेऊन पाहणे, मग तपासणी. रुग्णाने हात वर करताच काम थांबवावयाचे, हा करार मात्र एकदाही मोडता कामा नये. नॉर्वेमध्ये अशा पीडितांसाठी दंतवैद्य व मानसशास्त्रज्ञ यांची संयुक्त पथके शासकीय खर्चाने कार्यरत आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी ते कोठून येणार, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढील काही गोष्टींस खर्च नाही.

सुधारित दंतभय-मापनात पाचच प्रश्न असतात. २५ पैकी १९ वा अधिक गुण तीव्र भय दर्शवितात. रुग्णाचा पूर्वेतिहास खोदून काढू नये. खुर्चीत नेमके काय असह्य होते, एवढेच विचारावे आणि त्याच्या संमतीने परिचित दंतवैद्यास चार ओळींचे पत्र द्यावे: पाठ सरळ ठेवावी, दार उघडे असावे, सोबतीस नातलग बसू द्यावा. घडलेला प्रसंग त्यात लिहू नये.

औषधालयचालकांसही एक विनंती. महिन्यात तिसऱ्यांदा लवंगतेल वा वेदनाशामक गोळ्या नेणाऱ्या ग्राहकास 'दात दाखवलात का?' असे हळुवारपणे विचारावे. गालावर शोथ, ज्वर, तोंड न उघडणे वा गिळण्यास कष्ट असल्यास मात्र भयचिकित्सेत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी सोबत माणूस देऊन त्यास रुग्णालयात धाडावे.