छातीचा मुका मार आणि सीटी स्कॅन: १९७१ हे वर्ष पुरेसे नाही

१/ सीटी स्कॅनचा इतिहास बहुधा १ ऑक्टोबर १९७१ या एकाच तारखेवर उरकला जातो. त्या दिवशी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले. छातीच्या मुक्या माराचा इतिहास मात्र या तारखेत मावत नाही. #थ्रेड

२/ मुका मार म्हणजे जखम उघडी न पडता आत झालेली इजा. मोडलेली बरगडी हाताला लागते. चिरलेली महाधमनी लागत नाही. १५५७ च्या एका प्रसिद्ध नोंदीत घोड्यावरून पडलेल्या माणसाच्या महाधमनीच्या विकाराचे वेसालियसने केलेले निदान आढळते. त्याची खात्री पटली ती शवविच्छेदनातच.

३/ १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. पण एक्स-रे म्हणजे सावली: बरगड्या, हृदय, कणा सारे एकावर एक. छातीचा मध्यभाग रुंद दिसला की महाधमनीचा संशय येई. खात्रीसाठी जांघेतून धमनीत नळी सरकवावी लागे.

४/ मग १९७१ नंतर लगेच छाती का उलगडली नाही? डोके स्थिर ठेवता येते, छाती श्वासागणिक हलते. आरंभीच्या यंत्राला एका छेदासाठी काही मिनिटे लागत. बरगड्या मोडलेल्या माणसाने तेवढा वेळ श्वास कसा रोखावा?

५/ हा अडसर दूर झाला १९८९ च्या सुमारास, सर्पिल सीटीमुळे. नळी अखंड फिरते, रुग्णाचा पाट सरकतो. एका श्वासात संपूर्ण छाती. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली आणि महाधमनीच्या निदानातील नळीची जागा हळूहळू सीटीने घेतली.

६/ हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांचे १९७९ चे नोबेल यथोचितच. तरीही तंत्राचा इतिहास केवळ जन्मतारखेने लिहिणे अपुरे आहे. ते रुग्णाच्या उपयोगी कधी पडले, हेही विचारले पाहिजे.

७/ ‘नवे आले, जुने बाद’ हा निष्कर्षही तितकाच फसवा. रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णासाठी खाटेपाशीच होणारा एक्स-रे आणि सोनोग्राफी आधी. सीटीपर्यंतचा प्रवास जिवावर बेतू शकतो. छातीच्या सीटीचा किरणोत्सारही एक्स-रेच्या अनेक पटींनी अधिक. शिवाय त्यात दिसणाऱ्या हवेच्या प्रत्येक लहानशा पोकळीला उपचार लागतोच असे नाही.

८/ आतले दिसू लागले, हा विज्ञानाचा विजय. कोणाचे, केव्हा पाहायचे, हा निर्णय आजही वैद्याचाच आहे.