उभं राहून कुठे जायचंय?

हातीपायी / मैत्रेयी

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "चालेल ना परत?" विचारतो मायेनेच. पण पलंगावरचा माणूस त्या प्रश्नात रोज नव्याने नापास होतो.

परवा अशाच एका घरी गेले होते. नारळावरून पडून मानेचा मणका मोडलेला तरुण. मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र हलत नाहीत. फिजिओने शिकवलेली युक्ती त्याने दाखवली. मनगट मागे वळवलं की बोटांच्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटं आपसूक मिटतात. मनगट सैल सोडलं की उघडतात. त्या पकडीत त्याने प्लॅस्टिकचा पेला उचलला. हात थरथरला, पाणी सांडलं. आई धावली, "राहू दे रे, मी पाजते." तो म्हणाला, "आई, तू बस गं."

पेला अर्धा सांडला, अर्धा पोटात गेला. त्या महिन्याचं त्याचं उद्दिष्ट तेवढंच होतं, आणि ते त्याने स्वतः ठरवलं होतं.

'स्वावलंबी व्हायचंय' ही झाली इच्छा. तिला हात घालावा असं टोक नसतं. 'दिवाळीपर्यंत पलंगावरून व्हीलचेअरवर एकट्याने जायचं' म्हटलं की कामाची यादी होते: आधाराशिवाय बसून तोल सांभाळणं, दोन्ही हातांवर अंग उचलणं, चाकांचा ब्रेक न विसरता लावणं. कातडीला कळत नाही म्हणून बेडसोर होऊ नये यासाठी घड्याळ बघून वजन हलवणं. दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढायला स्वतः शिकणं. या शेवटच्या गोष्टीबद्दल घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही; पण ती जमली की माणूस लग्नाला जातो, नोकरीला जातो.

इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला 1944 साली डॉ. लुडविग गटमन यांनी अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. कुशीवर वळवण्याची शिस्त तर त्यांनी लावलीच, पण रुग्णांना कामाला आणि खेळाला जुंपलं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच त्यांनी 16 जणांची तिरंदाजी भरवली. पुढे तिचंच पॅरालिंपिक झालं. आपले सांगलीचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले.

पेटकरांचं नाव घेऊन कुणाला "बघ, त्यांनी केलं" असं मात्र ऐकवू नये. पदक हे त्यांचं उद्दिष्ट होतं. दुसऱ्या कुणाचं उद्दिष्ट एकट्याने संडासला जाण्याचं असेल, कुणाचं मुलीची वेणी घालण्याचं. ज्याचे हात अजिबात चालत नाहीत, त्याने 'मला कधी उठवायचं, कोणता शर्ट घालायचा' हे ठामपणे सांगणं हेसुद्धा स्वावलंबनच. कामाला हात दुसऱ्याचे असले तरी मर्जी त्याची हवी.

घरच्यांना हे अवघड जातं. शर्टाची बटणं लावायला त्याला वीस मिनिटं लागतात, आपल्याला वीस सेकंद. घाई आपली असते आणि सराव त्याचा बुडतो. म्हणून पाहुण्यांनी प्रश्न बदलावा. "चालशील कधी?" नको, "कुठे जायचंय?" विचारावं.

मीही तेच विचारलं. तो लगेच म्हणाला, "नाक्यावरच्या टपरीवर. चहा प्यायला."

आड येतात दारातल्या दोन पायऱ्या, मिळून एक फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो. आम्ही टेप घेऊन अंगण मोजलं. पंधरा फूट भरलं. टेपचं दुसरं टोक त्याच्या मांडीखाली दाबून धरलेलं होतं. गवंडी सोमवारी येतोय.