एकट्याने कोणी शिकत नाही

आमचं घर नालासोपारा पूर्वेला. वन रूम किचन, माणसं पाच. दोन वर्षांपूर्वी दादाची सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटायची. वालीवहून शेअर रिक्षा पकडून तो पावणेबाराला घरी यायचा, जेवायचा आणि किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्या उभ्याच कोडिंग शिकायचा. हॉलमध्ये आम्ही सगळे झोपलेलो, बसायला जागाच नसायची. एकदा पाणी प्यायला उठले तर हा स्क्रीनकडे बघत पुटपुटत होता, ‘अरे, कंस कुठे राहिला?’

दादा तेव्हा २७ वर्षांचा. बीकॉम झालेला आणि प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी चेकिंगला. त्याला सॉफ्टवेअर डेव्हलपर व्हायचं होतं, तेही डिग्रीशिवाय, स्वतः शिकून. खरं सांगते, घरात सगळ्यात जास्त विरोध मीच केला. कारण अगदी सरळ होतं. घराचा हप्ता आणि माझ्या मास मीडियाची फी, दोन्ही त्याच्या पगारातून जात होतं. त्याने स्वप्न बघायचं ठरवलं असतं, तर माझं अडलं असतं.

आज दादा अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत डेव्हलपर आहे. म्हणजे गोष्टीचा शेवट गोड झाला. पण ही गोष्ट रील्समध्ये सांगतात तशी सांगायची नाही, असं मी ठरवलंय. कारण ते ऐकून आपल्यातले बरेच जण फसतात.

रीलमधली गोष्ट कशी असते? ‘डिग्री नाही, टेन्शन नाही, सहा महिन्यांत लाखांचं पॅकेज.’ उदाहरण म्हणून हमखास पुण्याच्या कैलाश काटकर यांचं नाव येतं. दहावीनंतर शिक्षण सुटलं, कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीचं काम केलं, मग कम्प्युटर दुरुस्ती शिकले आणि पुढे ‘क्विक हील’सारखी कंपनी उभी केली. २०१६मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. हे सगळं खरंच आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण रीलमध्ये अर्धीच गोष्ट सांगतात. अँटिव्हायरसचा कोड लिहिणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय. ते कॉलेजात रीतसर कम्प्युटर शिकले होते. एक भाऊ दुकान चालवत होता, म्हणून दुसऱ्याला शिकता आलं. दुसरा शिकला, म्हणून पहिल्याचं दुकान मोठं झालं. दोघांपैकी एकटा कोणीच नव्हता.

आमच्या घरात तर करिअर बदलणं नवीनही नाही. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. जानेवारी १९८२मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजोबांना परत कामावर जाता आलंच नाही. चाळिशी ओलांडल्यावर ते वॉचमन झाले, भाजी विकली, पुढे कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर झाले. नव्वदीच्या दशकात कुटुंब इकडे राहायला आलं. नालासोपारा-विरारमध्ये अशी कितीतरी घरं आहेत. त्याला तेव्हा ‘करिअर चेंज’ म्हणत नव्हते, एवढंच.

आजोबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. गिरणीत ते ‘बदली’ म्हणून लागले होते. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी उभं राहायचं. माग चालवायला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. गाववाला शेजारी उभा असायचा, त्याचे हात बघायचे आणि तसं करायचं. चुकलं की तोच सांगायचा. आजच्या भाषेत आजोबाही ‘सेल्फ-टॉट’च. पण शेजारी कोणीतरी होतं.

दादाच्या शेजारी कोणी नव्हतं. आणि ‘शेजारी कोणीतरी’ विकत घ्यायच्या नादात त्याने पहिली चूक केली. एका क्लासमध्ये प्रवेश घेतला. जाहिरातीत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ होतं. फी कर्जावर. आठ महिन्यांनी कळलं, की कागदावर ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असं लिहिलंय, म्हणजे ते फक्त इंटरव्ह्यूचे निरोप पाठवणार. त्यातले अर्धे विक्रीच्या नोकरीचे होते. नोकरी नाही लागली तरी हप्ता थांबत नाही.

यातला विनोद असा, की शिकण्यासारखं बरंचसं फुकट आहे. क्विन्सी लार्सन नावाच्या शिक्षकाने तिशीत स्वतः कोडिंग शिकून २०१४मध्ये फ्रीकोडकॅम्प सुरू केलं. तिथला सगळा अभ्यासक्रम मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये छोटे छोटे धडे आहेत आणि त्यातले कितीतरी मराठीत. एनपीटीईएलची लेक्चर्स मोफत बघता येतात, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. अडचण मटेरियलची नाहीच. अडचण ही, की रात्री एक वाजता अडलं तर विचारायचं कोणाला? व्हिडिओ बघताना सगळं समजतं. तो बंद करून रिकामी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. दादा यात जवळपास वर्षभर अडकला होता.

त्याची गाडी रुळावर आली ती कारखान्यातच. रिजेक्ट झालेले पार्ट रोज रजिस्टरमध्ये लिहायचे आणि महिन्याच्या शेवटी बेरजा मारायच्या, हे त्याचं काम. त्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. सुपरवायझर काकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग म्हणाले, ‘मशिनप्रमाणे पण काढून दे.’ मग ‘शिफ्टप्रमाणे’. झालं! विचारणारं आणि चूक दाखवणारं माणूस मिळालं. त्याच काकांच्या ओळखीतला एक इंजिनीअर रविवारी दोन तास फोनवर त्याचा कोड बघायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, ‘पण आता एआयच कोड लिहितो, शिकायचं कशाला?’ प्रश्न चुकीचा नाही. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरातही शांतता पसरली होती. जिथे कॉलेजातून आयटीत गेलेल्यांची ही अवस्था, तिथे बीकॉमवाल्या मुलाला कोण विचारणार? मी स्वतः पत्रकारितेत शिकाऊ आहे, बातमी लिहून देणारं मशिन रोज बघते. त्यामुळे ही भीती माझ्याही ओळखीची आहे.

पण शिफ्टप्रमाणे हिशोबाचा कोड दादाने एआयकडूनच लिहून घेतला होता. दिसायला एकदम फक्कड, पण आकडे जुळेनात. कारण नाइट शिफ्ट रात्री अकरा ते सकाळी सात. बारा वाजता तारीख बदलते. त्या कोडने एकाच रात्रीचं काम दोन दिवसांत वाटून टाकलं होतं. दादाला हे लगेच कळलं, कारण त्याने चार वर्षं नाइट शिफ्ट केली होती. आज तो ज्या कंपनीत आहे, तीही कारखान्यांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवते. जुनं काम फेकून देऊन त्याला नवीन मिळालं नाही. जुन्याच्या जोरावर मिळालं. नर्सिंग, हिशोब, शिवणकाम, शेती, काहीही करत असाल, तुमच्या कामाची आतली माहिती हीच तुमची खरी डिग्री.

पगार सुरुवातीला कारखान्यापेक्षा कमी मिळाला, हेही लिहिते. आणि इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचण्याआधीच किती ठिकाणी बाद झाला, त्याला गणती नाही. ‘फक्त बीई, एमसीए’, ‘दहावीपासून सगळीकडे ६० टक्के’, ‘शिक्षणात गॅप नको’. २९व्या वर्षी कोण माणूस काय करू शकतो, हे दहावीच्या मार्कांवरून ठरवणाऱ्यांना मी काय म्हणू? निदान एक छोटी टेस्ट तरी घ्या!

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंनी आहे. कोणी करिअर बदलायचं म्हणत असेल, तर ‘आता या वयात?’ असं विचारू नका. मी विचारलं होतं, आजही लाज वाटते. आणि तुम्ही स्वतः बदलणार असाल, तर लगेच राजीनामा देऊ नका. क्लासचं वचन जाहिरातीत नाही, करारात वाचा. कर्ज काढून शिकू नका. ओळखीच्या कोणाची तरी खरी अडचण सोडवणारी एक गोष्ट बनवा. आणि काहीही करून कोड बघणारं एक माणूस शोधा.

ते माणूस आणि ती जागा नशिबावर का सोडायची, हा माझा खरा प्रश्न आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका असतात, त्या असायलाच हव्यात. पण लॅपटॉप, प्लग आणि वायफाय असलेली रात्री उघडी जागा वसई-विरारमध्ये प्रत्येक प्रभागात एक तरी का नसावी? लाइट गेली की शिकणंच बंद, अशी वेळ का यावी? महापालिका ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या कॉलेजांमध्ये कम्प्युटर लॅब आहेतच, संध्याकाळी कुलूप लागलेल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळ त्या माजी विद्यार्थ्यांना आणि आसपासच्या कामगार मुलांना उघडून दिल्या, तर? शिकवायला प्राध्यापकच हवेत असंही नाही. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले तुम्ही एखाद्याच्या शेजारी बसून ‘कंस इथे राहिलाय’ एवढं तर नक्की सांगू शकता.

तुमच्या लॅबची चावी कोणाकडे असते? उद्या कॉलेजला गेलात की विचारून बघा.